अर्धा सूत

डावा सायलेन्सर बोटानं दाबला
तर बोट आत गेलं.
खारी हवा खाऊन पापड झालेला.
उजवा मात्र ठणठणीत.
हमूद म्हणाला, मिस्त्री, बाबांची गाडी आहे,
छप्पन्नची बीएसए. डावीकडं दुसरा बसव.

दुसरा म्हणजे शारजाहून बसनं आलेला,
जुन्या कंदुऱ्यात गुंडाळून,
चौसष्टच्या मॉडेलचा.
कंपनी तीच, खानदान तेच,
पण भावाच्या चपला भावाला येतातच असं नाही.
तोंड अर्ध्या सुतानं मोठं,
पट्टीचं भोक दोन बोटं मागं,
आणि स्टँड काढलं की थेट त्याच्या बरगडीत.

वादी कबीरमध्ये जुलैच्या दुपारी
पाना उन्हात ठेवायचा नाही.
ठेवलाच तर फडक्यानं उचलायचा.
एक ते चार शटर अर्धं खाली.
मी त्याच वेळी हे काम काढलं,
तेव्हा कुणी हॉर्न वाजवत नाही,
लोखंड काय म्हणतंय ते ऐकू येतं.

पाईप वाकवायचा तर आत वाळू ठासावी लागते,
नाहीतर वळणावर दुमडतो.
हे उद्यमनगरात गणी मिस्त्रीनं शिकवलेलं,
कानफटात देऊन.
वाळू इथं मागाल तेवढी.
पण समुद्राची चालत नाही, ओली तर नाहीच,
ओलीची वाफ होते, बूच उडून पत्र्याला लागतं.
म्हणून वादीच्या कोरड्या पात्रातली आणली,
चहाच्या गाळणीनं चाळली
आणि कढईत भाजत बसलो
फुटाणेवाल्यासारखा.
गुल जमान वेल्डर हसून हसून खाली बसला:
बाहेर पन्नास डिग्री, आणि हा आत वाळू भाजतोय!

पाईप लाल झाला, मग नारिंगी.
व्हाइस करकरला.
दोन बोटं खाली आला,
खुशीनं नाही, पण आला.

राहिला अर्धा सूत.
मोइदूच्या टपरीमागून दुधाचा रिकामा डबा उचलला,
कात्रीनं पट्टी कापली, पाईपला वेढली.
एक वेढा, सैल.
तीन वेढे, सैल.
चौथ्याला दातओठ खाल्ले, तेव्हा बसला.
डब्यावरची गाय आत गेली,
एक शिंग तेवढं बाहेर राहिलं.

रूमवर दिगंबरला सांगितलं.
तो म्हणाला, आपलंही असंच की रे,
दुसऱ्याच्या गाडीला बसवलेलं.
मी म्हटलं, जेव. आमटी निवतेय.

चौथ्या दिवशी सांध्याला साबणाचं पाणी लावून पाहिलं.
एक बुडबुडा नाही.

शुक्रवारी हमूद वडिलांना घेऊन आला.
म्हातारा खाली उतरला नाही,
काच उघडली फक्त, एसी चालूच.
तिसऱ्या किकला गाडीनं धरलं.
डावं-उजवं एका दमात, काय सांगू,
गुल जमाननं टोपी काढली.
म्हाताऱ्यानं ऐकलं. मान हलवली.
नाही, अशी.

हमूद माझ्याकडं न बघता म्हणाला,
डाव्याला भोक होतं म्हणे.
चौऱ्याहत्तर साली निझवाच्या रस्त्यावर दगड लागला होता.
बुजवलंच नाही कधी.
आई त्या आवाजावरून ओळखायची,
कुठल्या वळणावर आलेत,
भाकरी कधी टाकायची.

चार दिवस. साबणाचं पाणी. एक बुडबुडा नाही.

कुठं होतं? मी विचारलं.
आता म्हातारा उतरला.
काठीचं टोक सायलेन्सरच्या पोटाला लावलं,
मागून चार बोटं, जरा आतल्या अंगाला.
केवढं, तर करंगळी दाखवली,
अर्धं नख.
गणी मिस्त्रीची क्षमा मागून
मी ड्रिलला बिट लावलं.

दणदणाटात एक शीळ शिरली,
बारीक, फुटकी,
पुढचे दात पडलेला माणूस ‘स’ म्हणतो तशी.
दुधाच्या डब्याचं शिंग काळं पडत होतं.
म्हाताऱ्यानं काठी माझ्याकडं दिली,
धर, म्हणाला. तेवढं अरबी येतं मला.
मग उन्हातल्या सीटवर तळहात टेकवला
आणि उचलला नाही.